नेटवर्कवाल्या नामाचे वरचे सूर

कोपरी गावात जाऊन नामदेव मढवी कुठे राहतात असं विचारलंत तर माणसं डोकं खाजवतील. 'नेटवर्कवाला नामा' म्हणा, शेंबडं पोरही दुकानाच्या पायरीपर्यंत आणून सोडेल. आता हे नाव ऐकून नव्या टॉवरमधली मंडळी मोबाईल घेऊन यायची. "काका, आमच्या बेडरूममध्ये रेंजच येत नाही." नामा त्यांना शांतपणे सांगायचा, बाबांनो, ते नेटवर्क वेगळं, माझं वेगळं. मग ती मंडळी दुकानातले लाकडी डबे, तांब्याच्या तारांची रिळं आणि भिंतीला टेकवलेले स्पीकरचे मोठमोठे कोन बघून ओशाळं हसायची आणि निघून जायची.

नामाचं नेटवर्क म्हणजे स्पीकरच्या डब्याच्या पोटात बसवायची एक छोटी पाटी. तिच्यावर तांब्याच्या तारेची कॉइल आणि एकदोन कंडेन्सर. काम एकच, अँपकडून, म्हणजे अँप्लिफायरकडून, आलेला आवाज वाटून द्यायचा. जाड आवाज मोठ्या कोनला, बारीक आवाज वरच्या छोट्या कर्ण्याला, म्हणजे हॉर्नला. ढोल, लग्नातल्या बेंजो पार्टीचा ठेका हे सगळं खालचं. झांज, सनई आणि माणसाच्या बोलण्यातले स, श, क, त हे वरचं. गाणाऱ्या बाईचा नुसता 'आ' मोठ्या कोनमधून येतो, पण तिचा शब्द कळतो तो हॉर्नमुळे. हॉर्न बंद करा, बाई गातेय एवढं कळेल, काय गातेय ते देवालाही कळायचं नाही. हे नामा येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगायचा, कोणी विचारलं नसलं तरी सांगायचा.

बाप मिठागरात राबला. नामाने मात्र पाय चिखलात घातला नाही. नौपाड्यात एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाडू मारता मारता तो तारांना सोल्डरचा डाग द्यायला शिकला, आणि पुढे आगरी गावांतल्या हळदींना लागणारे डबे बनवायला लागला. कॉइल स्वतःच्या हाताने गुंडाळायची, बाजारची लावायची नाही, हा त्याचा हट्ट. मुंब्र्यापासून टिटवाळ्यापर्यंत कित्येक मांडवांत त्याचे डबे वाजले. माणूस तापट नव्हता, पण कामात कोणी बोट घातलं की नाकाला मिरच्या झोंबायच्या.

आणि गेली काही वर्षं बोट घालणारे भरपूर झाले होते. नवे डीजे नेटवर्क वापरतच नाहीत. त्यांच्याकडे प्रोसेसर नावाचं मशीन असतं. आवाजाची वाटणी अँपच्या आधीच होते, मग जाड आवाजाला वेगळा अँप, बारीक आवाजाला वेगळा अँप, आणि तिथून वायर थेट कोनला न् थेट हॉर्नला. मध्ये कॉइल नाही, कंडेन्सर नाही, काही नाही. नामा म्हणायचा, "आपली पद्धत म्हणजे एका टोपात शिजवून ताटात वेगळं वाढायचं. यांची म्हणजे चुलीच दोन मांडायच्या. जेवण यांचं चांगलं होतं, मी नाय म्हणत नाय. पण माझ्या डब्यात हॉर्नच्या दारात कंडेन्सर बसलेला असतो. जाड आवाज चुकून आला तर तो आत सोडत नाय. यांच्या हॉर्नला दारच नाय. एक वायर चुकली की हॉर्न मेला."

हे सगळं खरं होतं. पण नामा नव्या पद्धतीला नाकं मुरडायचा त्याचं खरं कारण हे नव्हतं. नेटवर्क बनवायला कान लागत नाही. एवढे वेढे, एवढा कंडेन्सर, हे त्याच्या बोटांना पाठ होतं. प्रोसेसर मात्र ऐकून ऐकून लावावा लागतो. आणि नामाला ऐकू येत नव्हतं.

म्हणजे बहिरा नव्हता तो. ढोल ऐकू यायचा, ट्रक ऐकू यायचा, माणसाचा आवाजही यायचा. वरचं तेवढं गेलं होतं. कुकरची शिट्टी, दाराची बेल, मोबाईलची किणकिण, काही नाही. नौपाड्यातल्या एका दवाखान्यात तो गुपचूप कान तपासून आला होता. काचेच्या खोलीत बसवून तिथल्या मुलीने सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. तो बसला आणि बराच वेळ काहीच आलं नाही. बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "काका, खालचे सूर चांगले आहेत. वरचे गेलेत. मशीन घ्या, थोडा फरक पडेल, पण गेलं ते सगळं परत येत नाही." नामाने मशीन घेतलं नाही. स्पीकरवाल्याच्या कानात मशीन म्हणजे न्हाव्याच्या डोक्यावर केसांचा टोप. उद्या डबा घ्यायला कोण येईल? घरी येऊन तो मूग गिळून बसला. बायकोलाही सांगितलं नाही, आणि बायकोला तर मुळीच सांगायचं नव्हतं.

कारण ती, मनुबाई, धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात भटजी नंतर येतो, आधी धवलारीण. मांडव तिच्या गाण्याने उभा राहतो, हळद तिच्या गाण्याने लागते. देवांना, गावदेवीला आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नावं घेऊन लग्नाला बोलवायचं तेही तिनेच. हा धवला एकदा सुरू झाला की मध्ये थांबवायचा नाही, आणि एकही नाव गाळायचं नाही. ज्याचं नाव नीट घेतलं नाही तो मेलेला माणूस मांडवाच्या बाहेर उभा राहतो, असं म्हातारी माणसं मानतात. मनुबाईला लिहितावाचता येत नव्हतं. सगळं तोंडपाठ. आवाज उंच, धारदार, बिनामाईकचा आळीच्या टोकाला जाणारा. नामा तिच्यावर भाळला तो त्या आवाजावर, भोपरला एका हळदीत डबे लावायला गेला होता तेव्हा. हे तो कोणाला सांगायचा नाही, पण सगळ्या कोपरीला माहीत होतं.

त्या बाईचा घसा बसला. आधी वाटलं सर्दी. मग ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, गुळण्या झाल्या. आवाज फाटतच गेला. मिश्री आयुष्यभर लावलेली. ठाण्यातल्या मोठ्या डॉक्टरने नळी घालून बघितलं आणि मुलीला, हेमांगीला, बाजूला घेऊन सांगितलं की गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. हेमांगी रडायला लागली. मनुबाईने तिच्याकडे पाहिलं आणि डॉक्टरला विचारलं, "जागृतीचा मांडव होऊ द्याल का? मग काय कापायचं ते कापा."

जागृती ही मनुबाईच्या भावाची मुलगी, भोपरची. तिची आई शकू कोविडात गेली. हॉस्पिटलातून थेट स्मशानात, घराच्या अंगणातसुद्धा आणता आली नाही. शकू आणि मनुबाई नुसत्या नणंद-भावजया नव्हत्या, मैत्रिणी होत्या. जागृतीचं लग्न ठरलं तेव्हा ती पोरगी आत्याच्या गळ्यात पडून एकच बोलली होती, "आत्या, मांडवात माझ्या आईचं नाव तूच घ्यायचं. दुसऱ्या कोणी नाय." मनुबाईने हो म्हटलं होतं. तेव्हा घसा चांगला होता.

डॉक्टर रागावला, उशीर नको म्हणाला, पण अखेर लग्नानंतरचा दिवस दिला. आणि नामाच्या डोक्यात तेव्हापासून दुसरं काही राहिलं नाही. त्या दिवशी मांडवातल्या शेवटच्या खुर्चीवरच्या माणसालाही मनूचा शब्द न् शब्द कळला पाहिजे. एकदाच. त्यानंतर तो आवाज जगात असणार नव्हता.

अडचण अशी की फाटलेल्या आवाजाला त्याचं नेटवर्क पुरेना. मनुबाई दुकानात बसून माईकवर दोन ओळी म्हणायची, आणि हेमांगी म्हणायची, "बाबा, घोगरं येतंय. शब्द दबतायत." नामाला तर सगळंच सारखं ऐकू येत होतं. त्याने कॉइलचे वेढे कमी करून बघितले, कंडेन्सर बदलून बघितले. काही जमेना. शेवटी भोपरहून सुदेश आला. सुदेश म्हणजे जागृतीचा भाऊ, डीजे. पोरगा केसांना रंग लावायचा, पण कामात पक्का होता. त्याने लॅपटॉप उघडला, आत्याला गायला लावलं आणि म्हणाला, "मामा, तुमच्या डब्यांचं लाकूड एक नंबर आहे. डबे हेच ठेवू. नेटवर्क काढून टाका, माझ्या प्रोसेसरवर चालवू. आत्याच्या आवाजातलं जे गेलंय तेवढंच बरोबर उचलून देतो."

दुसरं कोणी असतं तर नामाने त्याला पायरी उतरायला लावली असती. पण समोर मनुबाई बसली होती, गळ्याला पदर गुंडाळून. नामा उठला, डब्यांची पाठ उघडली आणि स्वतःच्या हाताने गुंडाळलेल्या कॉइली स्वतःच्या हाताने उपटून काढल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

एक कंडेन्सर मात्र त्याला ठेवायचा होता, हॉर्नच्या तोंडाशी, राखणीला. सुदेश म्हणाला, "मामा, तो ठेवला तर माझं सेटिंग हलेल. गरज नाय त्याची." नामाचं चुकत नव्हतं. शहाणे डीजे असा एक कंडेन्सर ठेवतात. त्याने वाद घातला असता तर सुदेशने ऐकलंही असतं. पण वाद घातला असता तर सुदेश म्हणाला असता, चला, दोन्ही करून बघू, तुम्हीच ऐका आणि सांगा. हे 'तुम्हीच ऐका' नामाला नको होतं. म्हणून तो म्हणाला, "तुझं तू बघ," आणि कंडेन्सर खिशात टाकला.

सुदेशने लावून दिलं, आणि काय सांगायचं, आवाज असा खुलला की हेमांगी दुकानातच डोळे पुसायला लागली. मनुबाई स्वतःचा आवाज ऐकून हसली. "शकू येनार बग आता," म्हणाली. नामानेही मान डोलावली. त्याला फरक काय पडला ते कळलं नव्हतं, पण बायकोच्या चेहऱ्यावर दिसत होता, आणि तेवढ्यावर त्याचं पोट भरलं.

मांडवाच्या दिवशी सकाळी डबे भोपरला उतरले. मैदानात मोठा मांडव, मागे जनरेटरची धडधड, एका कोपऱ्यात बेंजो पार्टीवाले ढोल तापवत बसलेले. सुदेशने रॅक मांडला. दोन अँप, एक वर आणि एक खाली. अँपमधून निघणाऱ्या वायरींना त्याने पांढरी पट्टी चिकटवली आणि पेनाने लिहिलं, काहींवर 'वर', काहींवर 'खाली'. तेवढ्यात आतून हाक आली. नवरीचा भाऊ तो, त्याच्याशिवाय विधी अडले होते. जाता जाता तो म्हणाला, "मामा, वायरी तेवढ्या डब्यांना लावून घ्या. लिहिलंय सगळं."

आता इथे काय झालं ते नीट ऐका. सुदेशच्या डोक्यात 'वर' म्हणजे रॅकमधला वरचा अँप. आणि वरचा अँप होता जाड आवाजाचा, मोठ्या कोनचा. पण नामाच्या तोंडात सगळं आयुष्य 'वर' या शब्दाला एकच अर्थ होता. वरचं म्हणजे वरचे सूर. वरचं म्हणजे हॉर्न. त्याने 'वर' लिहिलेल्या वायरी हॉर्नला लावल्या, 'खाली' लिहिलेल्या कोनला. मनात शंकासुद्धा आली नाही. यावी कशी?

मग मोबाईल जोडला, बेंजोचं एक गाणं लावलं, आणि आवाज चढवला. दोन्ही डब्यांतून टक् असा एक आवाज झाला. सुपारी फुटल्यासारखा, बस. पाठोपाठ शांतता. ठेका नाही, ढोल नाही. कोनवर तळहात ठेवला तर कोन हलत नव्हता. त्याने धावत जाऊन रॅकमागे वाकून बघितलं, कुठली वायर कुठून निघते ते बोटाने धरून पाहिलं, आणि वायरी उलट लागल्याचं त्याला कळलं. आवाज बंद केला, वायरी उलटसुलट केल्या, पुन्हा गाणं लावलं. आता ढोल घुमला. कोन तळहाताला धक्के देऊ लागला. झालं, चालू झालं.

पण हॉर्न? जाड आवाजाचा सगळा दणका त्या नाजूक पडद्यांनी खाल्ला होता. राखणीचा कंडेन्सर नामाच्या खिशात. हॉर्न जगले की मेले? त्याने कान हॉर्नला लावला. काही नाही. पण काही नाही हेच तर त्याला कित्येक वर्षं ऐकू येत होतं. जनरेटर धडधडत होता, बेंजोवाले बडवत होते. बाजूने आचाऱ्याची बाई कोथिंबिरीची जुडी घेऊन गेली. तिला थांबवून 'बाई, जरा ऐक, इथून काही येतंय का' एवढं विचारायचं होतं. तोंडापर्यंत आलंही. पण ज्याला सगळ्या गावांनी 'नामा, जरा ऐक' म्हणून बोलवलं, तो दुसऱ्याला 'जरा ऐक' कसा म्हणेल? बाई गेली. नामाने मनात गावदेवीला नारळ बोलला.

सुदेश हळदीच्या हातांनी बाहेर डोकावला. "मामा, हॉर्न साफ वाजतायत ना?"

"एकदम साफ," नामा म्हणाला.

माणूस वाईट नव्हता. लाज माणसाकडून काय काय बोलवून घेते.

दुपारी मनुबाई पाटावर बसली. बाजूला कलावती, तिच्याबरोबर ओळी धरणारी म्हातारी. समोर जागृती, मुंडावळ्या बांधलेली. मनुबाईने माईक तोंडाशी घेतला, नामाकडे बघितलं आणि सुरू केलं. आवाज मांडवभर पसरला. जाड, गोल, घुमणारा. नामाला वाटलं, जमलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते कोणी बघू नये म्हणून तो रॅकमागे सरकला.

मागच्या खुर्च्यांवर मात्र कुजबुज सुरू झाली. "काय बोलते गो ही?" "काय कलतच नाय." "घोंगडीत तोंड घालून गाल्यासारखी गाते." एक म्हातारा उठून पुढे येऊन बसला. मग आणखी दोघी. देवांची नावं होऊन गेली, आणि ती कोणाला कळली नाहीत. आता गेलेल्यांची नावं सुरू झाली. मनुबाईने बापाचं नाव घेतलं, काळुराम. डब्यांतून आलं नुसतं 'आ-ऊ-आ'. तिच्या भावाने चमकून वर बघितलं. "बाबांचं नाव घेतलंस का?" त्याने जागच्या जागी विचारलं. मनुबाई गातच होती, थांबता येत नव्हतं.

सुदेश धावत आला. त्याने आधी एका हॉर्नला कान लावला, मग दुसऱ्याला. आणि नामाकडे वळून, जनरेटरच्या वरताण ओरडून म्हणाला, "मामा, दोन्ही हॉर्न मेलेत. कधीपासून असं वाजतंय? तुम्हाला ऐकू नाय आलं?"

मांडवातली माणसं वळली. नामाचा हात खिशातल्या कंडेन्सरवर गेला. पाटावरून मनुबाईने त्याच्याकडे बघितलं, गाता गाता. त्या बाईला वीज चमकल्यासारखं लख्ख कळलं की नवऱ्याला ऐकू येत नाही, आजचं नाही, कधीचंच. तिच्या गाण्यात एक ठोका चुकला. आयुष्यात पहिल्यांदा चुकला असेल.

दुसरे डबे आणायला वेळ नव्हता आणि धवला थांबवता येत नव्हता. मनुबाईने माईक खाली ठेवला. मान ताठ केली आणि उघड्या गळ्याने, पूर्वीसारखी, आळीच्या टोकाला जाईल अशी ओळ उचलली. डॉक्टरने हेच करू नका म्हणून सांगितलं होतं. गेलेल्या चुलत्याचं, परशुरामाचं, नाव तिने घेतलं, ते मांडवाच्या अर्ध्यापर्यंत गेलं. लोक गप्प झाले. आता शकूची ओळ होती. "ये गो, लेकीचे मांडवान ये..." जागृतीने डोळे मिटून घेतले. मनुबाईने श्वास घेतला, नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि आवाज फाटला. नुसती हवा आली. तिने पुन्हा जोर केला. पुन्हा हवा, आणि पदराला रक्ताचा डाग. कलावतीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ती ओळ आपल्या तोंडाने म्हटली. शकूचं नाव मांडवात घेतलं गेलं, पण ते कलावतीने घेतलं.

जागृतीने आत्याचे पाय धरले आणि तशीच बसून राहिली. लग्न पार पडलं. जेवणं झाली, बेंजोही वाजला. लोक लग्नात यायचे ते येतातच आणि नाचायचे ते नाचतात.

ऑपरेशन झालं. गाठ सगळी निघाली असं डॉक्टर म्हणाला. गळ्याला भोक ठेवलं, त्यातून मनुबाई श्वास घ्यायची. बोलणं संपलं.

सुदेश मनाचा चांगला. त्याने नामाला एका शब्दाने दुखावलं नाही, उलट स्वतःच्या अंगावर घेतलं, "मीच चुकीचं लिहिलं मामा." एके दिवशी तो एक पेन ड्राइव्ह घेऊन आला. माईकचा आवाज मिक्सरमध्येच भरून ठेवला होता, हॉर्नपर्यंत जायच्या आधीचा, म्हणून साफ होता. माईक खाली ठेवेपर्यंतचा. दुकानात बसून सगळ्यांनी ऐकला आणि सगळे रडले. सगळे गेल्यावर नामाने तो पुन्हा लावला. वरचं बटण पूर्ण चढवलं. हेमांगी आतून कानांवर हात ठेवून धावत आली. "बाबा, बंद करा, कान फाटतायत." नामा डब्यासमोर बसून होता. त्याला 'आ-ऊ-आ' एवढंच ऐकू येत होतं. काळुराम कुठला आणि देव कुठला, काही वेगळं करता येत नव्हतं.

मग हेमांगीने त्याला नौपाड्याला नेलं आणि मशीन घ्यायला लावलं. आता लाज कसली राहिली होती? मशीन लावून तो घरी आला. भांडी मोठ्याने वाजायला लागली, पिशव्या कुरकुरायला लागल्या, चपला फटाफट वाजायला लागल्या. शब्द होते तेवढेच राहिले. आणि जिचे शब्द ऐकायचे ती तर मुकी होती.

पण एक गोष्ट झाली, आणि तिचं घरात सगळ्यांना नवल वाटलं. मनुबाईला लिहिता येत नव्हतं, म्हणून पाटी-पेन्सिलचा उपयोग नव्हता. ती नुसते ओठ हलवायची. हेमांगीला काही कळायचं नाही. नर्सला कळायचं नाही. सुदेश, जागृती, कोणालाच नाही. नामाला मात्र सगळं कळायचं. उशी वर कर, पंखा कमी कर, मी बोललेला गावदेवीचा नारळ राहिला, कलावतीला साडी दे. ती ओठ हलवायची आणि हा लगेच उठायचा. हेमांगी शेजारणींना कौतुकाने सांगायची, "आईची भाषा फक्त बाबांना येते." शेजारणी डोळे पुसायच्या.

एका दुपारी हेमांगीने पेज आणून ठेवली आणि तिथेच बसली. तिच्याने राहवलं नाही. "बाबा, खरं सांगा, तुम्हाला कसं कळतं ओ? मी एवढी डोळे फाडून बघते, मला एक शब्द लागत नाय."

नामाने खाली बघितलं. उत्तर मनुबाईने दिलं. पलंगाला टेकून, लेकीकडे बघत, सावकाश, एकेक शब्द सोडत तिने ओठ हलवले. "वर्सानुवर्सं तुजा बापूस मी बोलाया लागली का माजे तोंडाकं बगत बसायचा. मना वाटायचं, जीव हाय म्हनून बगतो."

हेमांगी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. "काय म्हणाली? बाबा, काय म्हणाली आई?"

नामाला एकूण एक शब्द कळला होता.

"पेज गार झाली म्हणते," तो म्हणाला, आणि वाटी उचलून आत गेला.